मी मुलाला घराबाहेर काढलं ती दुपार

आमच्या सोसायटीत मला काही लोक अजूनही निर्दयी बाप समजतात. माझ्या अभिनयाला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी दाद आहे.

अभिनय हा माझा छंद. (माझी बायको सुजाता त्याला 'खोड' म्हणते.) पोटासाठी कुरिअर कंपनीत नोकरी करतो, पण अंगात नाटक आहे. माझे वडील गिरणीत होते आणि कामगारांच्या नाटकांत खलनायक रंगवायचे. त्यांनी मला एकच शिकवलं: शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं नाही, तर तू बोललासच नाहीस! तेव्हापासून गावची जत्रा असो की सोसायटीचा गणपती, मी शेवटच्या रांगेसाठी बोलत आलोय. आमच्या बोरीवलीच्या वन-बीएचकेमध्ये शेवटची रांग म्हणजे समोरच्या विंगचा तिसरा मजला.

तर आमचा मुलगा सोहम, अकरावीत. एक दिवस जेवताना म्हणाला, "पप्पा, कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी मी शॉर्ट फिल्म करतोय."

"झकास! विषय काय?"

"दहावीतला मुलगा आहे. त्याला वर्गातला एक मुलगा आवडतो. तो घरी सांगतो."

मी घास तोंडात तसाच ठेवून सुजाताकडे बघितलं. ती शांतपणे भात कालवत होती. "चांगला विषय आहे," ती म्हणाली. मग मीही "चांगला आहे" म्हणालो. कलाकाराने मागे राहून चालत नाही!

अभ्यास म्हणून सोहमने आम्हाला तसले बरेच परदेशी सिनेमे दाखवले. सगळ्यांत एक शाळा असते, तिथे कोणी म्हणून अभ्यास करत नाही. भिंतीला लोखंडी कपाटं असतात, त्यांना टेकून एक मुलगा दुसऱ्याकडे बघतो, आणि त्या दुसऱ्याला हे कळायला दीड तास लागतो. मी पहिल्या सिनेमाला हसलो, दुसऱ्याला गप्प बसलो आणि तिसऱ्याला, तो पोरगा शाळेच्या बसमध्ये एकटा बसतो तिथे, असा हुंदका दिला की सुजाताने टीव्ही बंद करून मला पाणी दिलं. "अहो, सिनेमा आहे!" ती म्हणाली. मला ठाऊक होतं, पण त्या पोराशी कोणीतरी बोलायला नको का?

शूटिंगला सुरुवात झाली. कॅमेरा सोहमचा मित्र जिगर याच्याकडे. जिगर म्हणजे शेजारच्या सोसायटीतल्या गुजराती कुटुंबातला, काडीसारखा, अतिशय गोड मुलगा. फोकस मात्र त्याला अजिबात जमायचा नाही. माणसाचा चेहरा धूसर आणि मागचं कॅलेंडर लख्ख! तो महिनाभर आमच्याकडे पडीक होता आणि सुजाता त्याच्यासाठी वेगळ्या कढईत भाजी करायची. मुख्य भूमिकेचा मुलगा ऐनवेळी घाबरून पळाला, म्हणून ती भूमिका सोहम स्वतःच करायला लागला. राहिला बाप.

"बापाचं काम मी करतो," मी जाहीर केलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

सोहम आणि जिगरने एकमेकांकडे बघितलं. "पप्पा, पण एकदम साधं करायचं हां. मुलगा सांगतो. बाप पेपर खाली ठेवतो. म्हणतो, 'ठीक आहे.' कट."

"दोन शब्द?"

"हो."

"अरे, दोन शब्दांत काय अभिनय करणार मी? बापाचं वादळ कुठाय? आधी तो पेटला पाहिजे, मग विझला पाहिजे! नाहीतर प्रेक्षक पैसे परत मागतील!"

"तिकीटच नाहीये, पप्पा."

पण मी ऐकतोय कुठला! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून मी स्वतःच एक स्वगत लिहिलं. त्यात उंबरठा होता, पूर्वज होते आणि विजेचा कडकडाटही होता.

रविवारी दुपारी शूटिंग. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद केला. उकडायला लागलं म्हणून खिडक्या सताड उघडल्या. अख्खी सोसायटी मासे-भात खाऊन आडवी झालेली, त्यामुळे बाहेर चिटपाखरू नाही. सुजाता खिडकीजवळ स्टीलची परात धरून उभी, उजेड सोहमच्या तोंडावर पाडायला. जिगर कॅमेऱ्यामागे.

"पप्पा," सोहम हळू आवाजात म्हणाला, "मला एक मुलगा आवडतो."

मी पेपर खाली ठेवला नाही, फाडला! "काय म्हणालास? राणे घराण्यात? चालता हो! या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडलास तर तंगडं तोडीन!"

"कट! पप्पा, हे कुठून आलं?"

"आतून आलं."

जिगर अजिजीने म्हणाला, "अंकल, माइक इथेच आहे, शर्टाजवळ. थोडं कमी करा ना."

मी कमी केलं, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे केलं. पुढच्या टेकला खिडकीतलं कबुतर उडालं. त्याच्या पुढच्या टेकला मी सोहमचं दप्तर उचलून दाराबाहेर भिरकावलं, दार आपटून लावलं (हे मला तिथल्या तिथे सुचलं!) आणि ओरडलो, "आजपासून तू मला मेलास!" सोहमने कपाळाला हात लावला. मला वाटलं, काय समरसून करतोय पोरगा!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात समोरच्या ब्लॉकमधल्या नलूमावशी. वय सत्तरीच्या घरात, मूळ मालवणच्या. पदर खोचलेला, एका हातात सोहमचं दप्तर, दुसऱ्या हातात सांडशी. "सुऱ्या, मेल्या! पोराक घराभायर काढतंस? तुका लाज नाय?"

"मावशी, अहो, हे नाटक आहे!"

"आता नाटक म्हणतंस? मी सगळा आयकलंय!"

त्यांच्या मागे सोसायटीचे सेक्रेटरी सावंत, लुंगीवर. त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरच्या कोकिलाबेन, आणि जिन्यात आणखी कोण कोण. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "बघा ना, शूटिंग आहे!"

"पोराची अब्रू काढतंस ती काढतंस, वर त्येचो व्हिडिओ करतंस?" सांडशी माझ्या नाकापाशी आली.

मी मदतीसाठी सुजाताकडे बघितलं. तिला एवढं हसू आलं होतं की तिने तोंड परातीमागे लपवलं होतं आणि खांदे गदागदा हलत होते. "बघा, बिचारी रडते!" कोकिलाबेन म्हणाल्या आणि तिला जवळ घेऊन थोपटायला लागल्या. त्यामुळे ती आणखीच हलायला लागली.

सावंतांनी घसा साफ केला. "राणे, हे सोसायटीच्या नियमात बसत नाही."

"काय बसत नाही?"

"सदस्याला परस्पर बाहेर काढणं. त्याला जनरल बॉडी बोलवावी लागते. आणि मी त्याच्या विरोधात मत देणार, आत्ताच सांगतो! कोणावर प्रेम करावं हा काय सोसायटीचा विषय आहे? तुमचा तरी आहे का?"

"पण मी त्याच्या बाजूनेच आहे!" मी किंचाळलो. शेवटच्या रांगेपर्यंत!

"मग आरडतंस कित्याक?" नलूमावशींनी सोहमचा दंड धरला. "चल रे बाबू, माझ्याकडे चल. बांगड्याचो तिकलो केलंय. ह्येका बसांदे एकट्याक."

मी सोहमला डोळ्यांनी खुणावत होतो की बाबा रे, सांग, दिग्दर्शक तू आहेस! पण तो नुसता एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, नलूमावशींच्या, सावंतांच्या, जिन्यातल्या लोकांच्या. मला वाटलं घाबरला. शेवटी तो म्हणाला, "मावशी, खरंच शूटिंग आहे. पप्पा ओव्हरअ‍ॅक्टिंग करतायत."

सावंतांनी लुंगी सारखी केली. कोकिलाबेननी सुजाताचं तोंड वर करून बघितलं आणि मग त्याही हसायला लागल्या.

"शूटिंग? मगे आधी सांगूचा नाय?" नलूमावशींनी सांडशी खाली घेतली. जाता जाता दारात वळल्या. "आणि खराच असला ना, तरी माझा म्हणणा ह्याच!"

सगळे गेले. मी सोफ्यावर बसून घाम पुसला. "वाट लावली लोकांनी टेकची. चल, परत घेऊ."

सोहम हलला नाही. "पप्पा, खरंच आहे."

"काय खरंच आहे?"

"डायलॉग." त्याने कॅमेऱ्यामागे बघितलं. जिगर कानापर्यंत लाल झाला होता. "मला वाटलं, आधी फिल्ममध्ये सांगून बघू. तुम्ही 'ठीक आहे' म्हणताना कसे दिसता ते बघायचं होतं. तर तुम्ही दप्तरच फेकलंत."

वाचकहो, मला पानंच्या पानं स्वगतं पाठ आहेत. गावच्या नाटकात लाइट गेले तरी मी थांबलेलो नाही. पण त्या क्षणी मला एक शब्द सापडेना. माझं पोर महिनाभर हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होतं, आणि मी त्याला काय ऐकवलं होतं, तर 'तू मला मेलास'! खोटंखोटं का होईना, ते तोंडातून गेलं होतं. मला भयंकर भीती वाटली आणि त्याच वेळी त्याला कडकडून मिठी मारावीशी वाटली. यातलं काहीच न करता मी उठलो, पाठ फिरवली आणि स्वयंपाकघरात गेलो. ओट्याला धरून उभा राहिलो आणि रडलो. अजिबात आवाज न करता. आयुष्यात पहिल्यांदा!

मग डोळे धुऊन कोकम सरबत केलं. बाहेर आलो तर सुजाताने दोघांना कुशीत घेतलं होतं. तिला म्हणे पहिल्या सिनेमापासूनच अंदाज होता. (मला का नाही सांगितलं? "तुम्ही सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं असतं म्हणून!") मी पहिला ग्लास जिगरला दिला आणि सोहमला जवळ ओढलं. "तू मला हवायस रे," मी म्हणालो. त्याला ऐकू जाईल एवढंच. मग जिगरकडे वळून म्हणालो, "पण बाबा, आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार मासे असतात हां. ते बंद होणार नाहीत."

"चालेल, अंकल," तो म्हणाला. "मी खिडकीत बसेन."

गडबडीत जिगर कॅमेरा बंद करायला विसरला होता, आणि त्याच्या बरोब्बर समोर आमच्या स्वयंपाकघराचं दार. दुसऱ्या दिवशी सोहमने विचारलं, "पप्पा, तो शॉट ठेवू का? त्यात दिसतं कोणीच नाही, फक्त तुम्ही." मी हो म्हटलं. माझं स्वगत पूर्ण कापलं, पेपर फाडण्यासकट. फिल्ममध्ये मुलगा सांगतो आणि बाप उठून आत जातो. ओट्यापाशी त्याची पाठ, थोडीशी हलणारी, बराच वेळ. आणि काय सांगू, फोकस अगदी परफेक्ट!

कॉलेजच्या हॉलमध्ये तो शॉट आला तेव्हा शेवटच्या रांगेतल्या पोरांनीही मोबाइल खाली ठेवले. दिवे लागल्यावर टाळ्याच टाळ्या. सोहम स्टेजवर जिगरला ओढून घेऊन गेला. मी उभा राहून शिट्टी मारली, सुजाताने मला खाली बसवलं. बाहेर पडताना एक मुलगी धावत आली.

"अंकल, तुम्हीच ना ते वडील? बाप रे, काय काम केलंय! एक शब्द नाही, चेहरा नाही, नुसती पाठ! एवढा कंट्रोल कसा काय जमतो?"

सुजाता माझ्याकडे बघत होती. सोहम बघत होता. खरं सांगायची याहून चांगली संधी नव्हती.

मी मान किंचित झुकवली, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "रियाज, बेटा. वर्षानुवर्षांचा रियाज."