दाजी आणि आक्काची निळी फणी

दाजी भाजी आणायला गेले की पिशवीत एक वांगं जास्त यायचं. ते इतर भाजीत मिसळलेलं नसायचं, रुमालात गुंडाळलेलं असायचं. घरी आले की दाजी ते खिडकीत ठेवायचे, समोर पाट टाकून मांडी घालून बसायचे आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहायचे. मग एकटेच हसायचे. स्वयंपाकघरातून आक्का विचारायची, "अहो, झालं का? फोडणी जळायली." दाजी म्हणायचे, "थांब गं, आत्ता कुठं ओळख व्हायली."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अठरा वर्षांचा होतो. बारावी करून आमच्या गावाहून, पिशोरहून, शहरात कॉलेजला आलो होतो आणि सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात राहणार होतो. आक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात ते आरेखक होते, म्हणजे दिवसभर कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. असा सरकारी नोकरीतला माणूस वांग्यासमोर बसून हसतो हे बघून मी हादरलोच. आपल्या वडिलांनी आक्काला कुणाच्या घरात दिलं, या विचारानं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दाजींच्या ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं. समोर साबणाची वडी होती, झिजून पापडाएवढी पातळ झालेली. ते म्हणाले, "पाहुणं, ह्याच्याकडं बघा जरा. सगळ्या घराची अंगं धुतली ह्यानं, पण ह्याच्याकडं कुणी बघितलं का?" मेहुणा म्हणून ते मला थट्टेनं पाहुणं म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मनातलं काही बोलायचं असलं तरच दत्ता आणि अरे-तुरे. मी त्या साबणाकडे बघितलं. मला साबणच दिसला. दाजींनी मात्र पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तो असा उतरवला की कडेची पातळ चकती उजेडात जवळजवळ आरपार दिसत होती. काढताना ते नाकातल्या नाकात गुणगुणायचे. त्यात सूर नसायचा, भाकरी चांगली फुगली की बाई जशी हुंकारते तसं काहीतरी असायचं.

त्यांनी कधी मोठं चित्र काढलं नाही. एकदा ऑफिसची सहल वेरूळला गेली, त्यांनी मलाही सोबत नेलं. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आता आपले चित्रकार कैलास लेणं काढून दाखवतील. दाजी व्हय म्हणाले, वही घेऊन गेले आणि तासाभरानं परत आले. वहीत फाटकापाशी बसलेल्या पेरूवाल्याची तिखटमिठाची डबी होती. साहेबांचा चेहरा पडला. मला मान वर करवेना. परतीच्या गाडीत दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "कैलासाला बघायला अख्खी दुनिया येती. त्या डबीला कोण हाय?"

लोकांनी मागितलं तर ते नाही म्हणायचे नाहीत. एका साहेबांच्या निरोप समारंभाला त्यांनी भलामोठा धरणाचा देखावा काढून दिला. सगळ्यांनी वाहवा केली. घरी येऊन आक्काला म्हणाले, "हात चालला गं, जीव नाय चालला."

आक्काला चित्रातलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगायची. पण कपाटात दाजींच्या चित्रांच्या थप्प्या कापडात बांधून ठेवायची आणि पावसाळा संपला की उन्हात घालायची. गादीवर पसरलेली ती चित्रं मी एकदा पाहिली. कपड्यांचे चिमटे, गॅसचा लायटर, तुटक्या अंगठ्याची चप्पल, लोणच्याच्या बरणीचं झाकण. आक्का म्हणाली, "बघ, माझं अख्खं घर हाय हे. फक्त मीच नाय त्यात." ती हसत म्हणाली होती, तरी ते माझ्या मनात राहिलं.

पुढे मी कन्नडला शाळेत शिक्षक झालो, तिथंच घर केलं. दाजी निवृत्त झाले, त्यांची मुलगी मंजू पुण्याला नोकरीला लागली. आता निवांत चित्रं काढतील असं वाटत असतानाच आक्काच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दोन वर्षं दाजींनी तिचं सगळं केलं. तिला आंघोळ घालायचे, पाणी मोजून द्यायचे, हातावर जिथं सुया टोचायच्या तिथं रात्री तेल लावायचे. वेणीसुद्धा तेच घालायचे. त्या दोन वर्षांत त्यांनी ब्रशला हात लावला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बसतो की मी समोर. काय दिसतच नाय."

एका सकाळी आक्का गेली. जाणार हे माहीत असूनही आम्ही सगळे सुन्न झालो. दाजी रडले नाहीत. जे सांगितलं ते करत होते, उठ म्हटलं की उठत होते. मला त्यांची काळजी वाटत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून आलो. जेवणं झाली, पाहुणे बाहेरच्या खोलीत आडवे झाले. मी पाणी प्यायला आत गेलो तर मागच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. आधी मला ओळखूच आलं नाही. दोन वर्षांत ते ऐकलं नव्हतं. दार लोटलं. दाजी पाटावर बसले होते. खिडकीत आक्काची निळी प्लास्टिकची फणी होती, तिच्या दात्यांत तीन लांब पांढरे केस अडकलेले. कागदावर फणी जवळजवळ पुरी झाली होती. दाजींनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा आनंदानं उजळला होता. म्हणाले, "पाहुणं, हे बघा. केस कसा आलाय."

त्या चेहऱ्यानं मला जो धक्का दिला तो आक्काच्या मरणानंही दिला नव्हता.  मी ब्रश धुवायचा पाण्याचा गिलास उचलला आणि त्या कागदावर ओतला. निळा रंग फुटला, कागदावरून फरशीवर आला.

"तिला जाऊन तीन दिवस झालेत, दाजी," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. ओघळणाऱ्या रंगाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मजा आली रे दत्ता. खोटं कशाला बोलू."

मी बाहेर आलो आणि जे करायला नको होतं ते केलं. चुलत्यांना सांगितलं, आत्याला सांगितलं. बायको जाऊन तीन दिवस झाले आणि हा माणूस गुणगुणत चित्र काढतोय. ती गोष्ट पिशोरला पोचली, दाजींच्या गावी देवगाव रंगारीला पोचली. तेराव्याला माणसं दाजींशी बोलायची टाळत होती. मीही त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं कन्नडला निघून आलो. नंतर वर्षभर मी त्यांना फोन केला नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर मंजूचा फोन आला. श्राद्धाला मी गेलो नव्हतो, त्याबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, "मामा, बाबांनी रंगांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतात. माझ्याकडं चला म्हटलं तर येत नाहीत. तुम्ही एकदा जाऊन या."

गेलो. दाजी इतके वाळले होते की दार उघडल्यावर मी क्षणभर उभाच राहिलो. घर आवरलेलं होतं, पण खिडकीत काही नव्हतं. मी माफी मागायला शब्द शोधत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "त्या दिवशी तू पाणी ओतलंस ते बरोबर केलंस."

मी म्हणालो, "असं नका म्हणू."

"आधी ऐक. दोन वरसं मला काय दिसलं नाय. ती होती तवर एक गोष्ट डोळ्याला दिसली नाय. आन् ती गेली, आन् तिसऱ्या दिवशी फणी दिसली. निळी. इतकी चांगली दिसली की मी तिला विसरलो. तासभर विसरलो, दत्ता. मी माणूस हाय का कोण हाय? माझीच मला भीती वाटली. म्हणून पेटी देऊन टाकली."

मला वाटलं होतं, त्या माणसाला काही वाटलंच नाही. आणि तो वर्षभर हे घेऊन एकटा बसला होता.  मग जे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. आक्काला अग्नी देऊन आलो त्या दिवशी शेजारच्यांनी कडू घासाचं जेवण आणलं होतं, पिठलं आणि भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणतात ते. मी सकाळपासून उपाशी होतो. पहिला घास घेतला आणि ते मला आवडलं. मी तीन भाकरी खाल्ल्या, वर कांदा मागून घेतला. हात धुताना आक्का आठवली आणि माझी मलाच किळस आली. मग म्हणालो, "तिसऱ्या दिवशी तुमचा चेहरा बघितला तेव्हा मला माझाच राग आला होता, दाजी. पाणी तुमच्यावर ओतलं."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "पिठलं कसं होतं?"

"लई चांगलं होतं."

ते हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. आक्का गेल्यापासूनचं ते पहिलं रडणं असावं, कारण थांबवता येत नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. निघताना फणीची चौकशी केली, पुन्हा काढा म्हणालो. फणी कुठे गेली ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, "असू दे. ती काढून झाली."

महिन्याभरानं गुलमंडीच्या बाजारातून नवे रंग आणल्याचं त्यांनीच फोनवर सांगितलं. पहिलं चित्र कशाचं काढलं ते काही केल्या सांगितलं नाही. मी एक रविवार आड जायला लागलो. चुलत्यांकडे आणि आत्याकडे जाऊन मी चुकलो होतो असं सांगून आलो. आत्यानं ऐकून घेतलं. चुलत्यांनी विषय बदलला. बोललेलं परत घेता येत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. दाजींना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "सकाळी उठलो की आज काय दिसतंय याची मला घाई असती."

दोन वर्षं अशी गेली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी शाळेला निघत असताना त्यांचा फोन आला. आवाजात लहान पोराचा उतावळेपणा होता. गॅसवाल्यानं जुनी टाकी उचलून नेली होती आणि फरशीवर तिच्या बुडाचं गंजाचं कडं उमटलं होतं. "काय रंग हाय, पाहुणं. तांबूस म्हणावं तर नाय, केशरी म्हणावं तर नाय. येऊन बघा." मी रविवारी येतो म्हणालो.

दुपारी तिसऱ्या तासाला शेजाऱ्यांचा फोन आला. दाजी जेवून बसले होते, बसल्या जागी मान कलली. मी फळ्यासमोर खडू हातात धरून उभा होतो. सकाळी ज्याच्याशी बोललो तो माणूस दुपारी नाही, हे मला समजेच ना. मुलं माझ्याकडे बघत होती.

पोचलो तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत खाली निजवलं होतं. मंजू पुण्याहून निघाली होती. घरात माणसं भरली होती, बायका बोलत होत्या, कुणी फुलं आणायला पैसे मागत होतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून स्वयंपाकघरात गेलो. ओट्याच्या शेजारी फरशीवर ते कडं होतं. टाकी ओढली तिथं एका बाजूला तुटलेलं, बाकी गोल. लोक त्याच्यावरून ये-जा करत होते. मी खाली बसलो. बाहेर माझे दाजी मरून पडले होते, आणि मी त्या गंजाकडे बघत होतो, आणि मला ते आवडलं.