मालतीकाकूंचा घोडा

टॅक्सीत बसलं की मालतीकाकू ड्रायव्हरला आधी लाडू द्यायच्या आणि मग पत्ता सांगायच्या. खालच्या दुकानातला मलबारी, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा इजिप्तचा मिस्री, सगळ्यांना त्यांच्या बेसनाच्या लाडवांची सवय झाली होती. कुणाकडेही जायचं तर हातात डबा हवाच. "रिकाम्या हातानं जायला आपण काय वीजबिलवाले आहोत?" असं त्यांचं म्हणणं.

कुवेतमध्ये, सालमियात, आमच्या वरच्या मजल्यावर, मुलाकडे, त्या राहत. मूळच्या सांगलीच्या. अंगानं गोल, आवाज खणखणीत, आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल अशा बोलत की ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत. "कुरकुरतात गं. मी लक्ष देत नाही." लक्ष द्यायचं काम अभिजितकडे. हा त्यांचा मुलगा शर्क भागातल्या एका बँकेत नोकरी करायचा, आणि उरलेल्या वेळात आईची काळजी. बिचारा दोन्ही कामं अगदी मन लावून करी.

काकू कायमच्या सांगलीला, मुलीकडे, परत निघाल्या तेव्हा अभिजितनं विचारलं, "आई, जाण्याआधी कुठे जायचंय?" त्याला वाटलं, सोन्याच्या दुकानात. काकू म्हणाल्या, "ते घोड्यांचं म्युझियम." एका हौशी कुवेती व्यापाऱ्यानं जुन्या मेरी-गो-राउंडचे लाकडी घोडे जमवून आपल्या बंगल्याच्या आवारात म्युझियम केलं आहे, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं. शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. हवल्लीची वस्ती मागे पडल्यावर काकू एकदम बोलायला लागल्या.

"आमच्या जत्रेत चक्री यायची. घोड्यांवर पोरं बसायची आणि पोरींना मधल्या बाकड्यावर कोंबायचे. मी वडिलांना म्हटलं, मला घोडा पाहिजे. ते म्हणाले, पोरीची जात, बाकड्यावर बस. पुढं लग्न झालं, तर ह्यांच्या स्कूटरवरसुद्धा एका बाजूला पाय टाकून! एकदा मला घोड्यावर बसायचंय बघ. नीट, दोन्हीकडे पाय टाकून."

अभिजितनं गाडी चालवता चालवता माझ्याकडे आरशातून पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

दारावरच्या बांगलादेशी माणसानं डबा पाहून हात आडवा केला. "अम्मा, खाना अंदर मना है."

"मग बाहेरच खा. धर," म्हणत काकूंनी त्याच्या हातावर लाडू ठेवलासुद्धा. तेवढ्यात पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले मालक बाहेर आले. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी झकास. त्यांनी उभ्या उभ्या एक लाडू खाल्ला, दुसरा घेतला, आणि डबा स्वतःच आत नेला. मग आम्हाला बसवून कडू गाव्हा पाजला. त्या कॉफीला काकूंनी तोंड वाकडं केलं नाही, ही त्यांच्या सभ्यतेची कमाल होती.

आत घोडेच घोडे. शिवाय सिंह, शहामृग, एक डुक्करही. काकू प्रत्येकाची विचारपूस करत होत्या. "याला कुणी खायला घालत नव्हतं वाटतं, बरगड्या दिसतात!" शेवटच्या दालनात एक अख्खी चक्री होती, दुरुस्त केलेली, वाजंत्रीसकट. पाहुण्यांना तिच्यावर बसता येत होतं. पण घोड्यांवर फक्त लहान मुलांनी. मोठ्यांसाठी नक्षीचं बाकडं, वर लाल मखमल.

"बघ आई, किती मऊ आहे!" अभिजितचा जीव भांड्यात पडला होता.

काकूंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत तो तसा पडलेला मी पाहिला नव्हता आणि मला फार वाईट वाटलं. त्या बाकड्यापर्यंत गेल्या. मग वळल्या.

"शेठ, मेरा लड्डू खाया ना?"

"खाया. दो खाया."

"मैंने भी आपका कॉफी पिया. तो मैं मेहमान. मेहमान को घोड़ा दो."

मालकांनी चक्रीकडे पाहिलं. घोडे जुने होते, रंग नाजूक होता, आणि नियम त्यांनी स्वतःच केलेला. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला. "घर का खिलाया आपने. अब ना कैसे बोलूँ?" आणि दारावरच्या माणसाला स्टूल आणायला पिटाळलं.

"आई, पडशील!"

"पडले तर उचल. एवढा वाढवलाय कशासाठी?"

साडी खोचून, अभिजित, मालक आणि मी अशा तिघांच्या खांद्यांची वाट लावून, काकू चढल्या. दोन्हीकडे पाय टाकून. वाजंत्री सुरू झाली, चक्री हलली. आधी त्यांनी दांडा घट्ट धरून डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. अभिजित त्यांच्या कमरेला धरून शेजारी उभा होता.

"अभि, सोड. तू जाऊन बस त्या बाकड्यावर."

तो मुकाट्यानं जाऊन बसला. काकूंनी एक हात सोडला आणि आम्हाला हलवून दाखवला. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. मालकही काहीसं तेच करत होते.

पुढच्या आठवड्यात त्या निघाल्या. अभिजितनं विमानतळावर व्हीलचेअर मागवली होती, आणि आता मोठं भांडण होणार म्हणून आम्ही दोघं तयारीत उभे. पण काकू पर्स मांडीवर घेऊन आरामात बसल्या. अभिजितला खरंच वाटेना. "आई, चालेल ना तुला?"

"न चालायला काय झालं?" काकू म्हणाल्या. "आता कुठंही बसवा खुशाल. माझं घोड्यावर बसून झालंय."