टिकणारे आकडे

कोणताही आकडा कानावर पडला की काका डावा डोळा मिटायचे, ओठ हलवायचे आणि निकाल द्यायचे, "फुटतो." क्वचित चेहरा उजळायचा. "टिकतो!"

टिकतो म्हणजे ती मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. शाळेत हे आपण सगळेच शिकलो आणि सुखाने विसरलो. काकांना मात्र त्यात विश्वाचा कारभार सापडला होता. बायको गेल्यावर ते मुलीला घेऊन मनवेलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आले, ते ३०७ नंबर टिकतो म्हणून. त्या फ्लॅटची दुपारी भट्टी होते, हा भाग गौण. आमचा ३०६. दोनाने फुटतो, तिनाने फुटतो, आणि काकांच्या मते आमचा नळ गळतो तोही त्यामुळेच.

आमच्याकडे पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. काका टँकरच्या नंबरप्लेटवरून सांगत. अंदाज खरा ठरला की जिन्यात प्रत्येकाला थांबवून कळवत. चुकला, तर प्लेटवरचा शेवटचा आकडा चिखलामुळे नीट दिसलेला नसे. इतकं निर्दोष शास्त्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही जिन्यात असेल. तो समोरून आला की आपल्याला नेमका फोन येतो.

मग मुलीने लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, भुईगावचा, ख्रिस्ती, केळी-नारळाच्या वाडीवाल्या घरातला. आता धर्मावरून महाभारत होणार, या आशेने बिल्डिंग समजूत घालायला सज्ज झाली. काकांनी निराशा केली.

"धर्माचं मला काही नाही हो. मुलगा सोन्यासारखा आहे. पण घर नंबर एक्क्याण्णव!"

"मग?" मी विचारलं.

"तेरा साते एक्क्याण्णव. दिसायला टिकाऊ, आतून फुटका. अशा घरात मुलगी देऊ?"

तरी मुलीच्या हट्टाखातर ते भुईगावला गेले. साक्षीला मला नेलं. मुलाच्या वडिलांनी शहाळी सोलून ठेवली होती. काकांचा आक्षेप त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"अहो, नंबर पालिकेच्या माणसाने लावलाय, देवाने नाही. पाहिजे तर खरवडून टाकतो."

काका हसले नाहीत. जायलाच उठले. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलात आईचा बेड अठ्ठावन्न नंबरचा होता."

हे मला नवीन होतं.

"शेजारच्या एकोणसाठवरची बाई बरी होऊन घरी गेली. एकोणसाठ टिकतो, अठ्ठावन्न फुटतो. तिथून तुमचं हे सुरू झालं. पण त्रेपन्नवरचे आजोबा? तोही टिकणाराच आकडा ना? ते तर आईच्या आधी गेले. त्यांना तुम्ही कधीच धरत नाही."

काकांच्या हातातलं शहाळं कलंडलं. पाणी पायावर सांडलं तरी त्यांना कळलं नाही.

"काहीतरी कारण असेलच ना गं," ते म्हणाले. "उगाच कसं कोणी जाईल?"

मुलाच्या आईने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि विचारलं, "कशा होत्या हो त्या?"

काका बसले. आधी अडखळले, मग बोलत सुटले. ती रिक्षावाल्यांशी कशी भांडायची, वालाच्या बिरड्याला कुणाला हात कसा लावू द्यायची नाही, हसताना तोंडावर पदर कसा धरायची. ऊन उतरेपर्यंत ते बोलत होते आणि त्यात एकही आकडा नव्हता.

लग्न भुईगावातच झालं. गेल्या हिवाळ्यात काका गेले. ३०७ मध्ये आता नवीन भाडेकरू आहेत, शांत आणि कंटाळवाणे. जिन्यात मला हल्ली फोन येत नाहीत.

मला काका आठवतात ते त्या लग्नातले, चर्चमधले. कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे ते प्रत्येक वेळी मागे पडत होते. एकदा सगळे खाली बसले तरी ते मुलीकडे पाहत उभेच राहिले. मागून कोणीतरी खुसखुसलं. व्याह्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि कोट सारखा करून तेही त्यांच्या शेजारी उभे राहिले.