मुळीच पटत नाही

घरात तिला सगळे ‘तटस्थ’ म्हणत. नाव भावानं पाडलं होतं. भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारलं तरी ही म्हणणार, याबाबत दोन मतप्रवाह आहेत.

यात तिचा दोष थोडा होता, विषयाचा जास्त. पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी तिनं ‘फाशीच्या शिक्षेबाबतचं जनमत’ हा विषय घेतला होता. दोन्ही बाजू तिनं ग्रंथालयात बसून इतक्या निष्ठेनं वाचल्या की सकाळी एक पटायची आणि दुपारच्या चहानंतर दुसरी. मार्गदर्शक सरांना हे फार आवडे. ते म्हणत, “संशोधकाला मत होणं म्हणजे सर्दी होणं. झाली तर झाली, दुसऱ्यावर शिंकू नये.”

पाहणीची पद्धत सरांचीच. लोकांना एकेक विधान वाचून दाखवायचं आणि ‘पूर्ण पटतं’पासून ‘मुळीच पटत नाही’पर्यंत काय ते विचारायचं. मेख अशी की निम्मी विधानं उलटी. आधी ‘फाशी असायला हवी’, थोड्या वेळानं ‘जन्मठेप पुरेशी आहे’. डोळे मिटून एकच उत्तर देत सुटलेला माणूस त्यात बरोबर सापडतो. सापडला की बाद. “आणि समजावत बसू नकोस,” सर म्हणाले. “वाच आणि गप्प बस. फार तर पुन्हा वाच.”

गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या होत्या. तिच्या वाट्याला आलेली एक गल्ली बस डेपोच्या मागची, दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागेल अशी. तोंडाशीच कपडे अल्टर करणाऱ्या बाईंचं, अख्ख्या गल्लीच्या मावशींचं, दुकान होतं. बाई दातांत टाचण्या धरून एका पँटची लांबी कमी करत होत्या. हिनं विषय सांगितला. बाईंनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

“माझा मुलगा आहे त्यात.”

“कशात?”

“तुझ्या विषयात.”

मुलानं मित्राबरोबर गोदाम फोडलं होतं. रखवालदार जागा झाला आणि जिवानिशी गेला. “केलंय त्यानं,” मावशी म्हणाल्या. “मेला तोही कुणाचा तरी होताच की. मी कुठं नाही म्हणते?” कोर्टकचेऱ्या संपल्या होत्या. दयेचा अर्ज तेवढा वर कुठंतरी कुणाच्या तरी टेबलावर पडून होता.

“तुझं हे लिहिलेलं कुठं जातं?”

“विद्यापीठात जमा होतं.”

“वर?”

“तिसऱ्या मजल्यावर.”

मावशींनी मान डोलावली. तिसरा मजला म्हणजे वरच.

यानं काही होणार नाही, निकाल बदलणार नाही, हे तिनं पुन्हापुन्हा सांगितलं. “हो गं, कळलं,” मावशी म्हणाल्या. “पण लोक काय म्हणतात ते तू लिहिणार ना? मग कुणीतरी वाचेलच की.” आराखड्याच्या पहिल्याच पानावर ‘धोरणकर्त्यांना उपयुक्त’ असं तिनंच लिहून दिलं होतं.

“आज नको. उद्या ये. गल्लीला सांगून ठेवते.”

दुसऱ्या दिवशी गल्ली तयार होती. तिच्यासाठी खुर्ची झटकून ठेवली होती. पहिले चाव्या बनवणारे काका बसले.

“फाशीची शिक्षा असायला हवी.”

“मुळीच पटत नाही!” काकांनी मावशींकडे पाहिलं. मावशी खूश.

“जन्मठेप ही पुरेशी शिक्षा आहे.”

“मुळीच पटत नाही!”

तिनं विधान पुन्हा वाचलं, सावकाश, शब्दाशब्दावर थांबत.

“अहो, कळलं की. मुळीच नाही. हवं तर दोनदा लिहा.”

“फाशी दिलेला माणूस नंतर निर्दोष ठरू शकतो.”

“मुळीच पटत नाही!”

इथं तिला राहवलं नाही. “काका, याचा अर्थ जरा उलटा…”

“तुम्ही पढवू नका, बाई,” काका ठणकावून म्हणाले. “मला पढवून झालंय.”

मग इस्त्रीवाल्या काकू बसल्या. “माझ्या मनात वेगळंच आहे,” त्या हिच्या कानाशी कुजबुजल्या. “पण शेजारधर्म असतो. लिही, मुळीच नाही.” त्यांच्यामागून अख्खी गल्ली तेच एक वाक्य बोलून गेली, आणि प्रत्येकजण काहीतरी चांगलं केल्यासारखा कामाला लागला. मशीनला टेकून उभ्या असलेल्या मावशी दरवेळी मान हलवत होत्या. तिला मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं.

शेवटी मावशी स्वतः बसल्या. इतरांसारखीच उत्तरं धडाधड देत गेल्या. मग ती वाचू लागली, “गुन्हा केलेला माणूस सुधारू शकतो.”

मावशी थांबल्या. मांडीवरच्या पँटवरून त्यांनी हात फिरवला. दारात काका आणि काकू कौतुकानं ऐकत होते. त्यांना शिकवलेलं आपणच मोडायचं कसं?

“मुळीच पटत नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

सरांनी कागद चाळले. “बाद. अख्खी गल्ली. वर्गात दाखवायला ठेव, इतकं चोख उदाहरण मिळत नाही.”

“पण सर, त्यांना म्हणायचं होतं की…”

“काय म्हणायचं होतं ते आपल्याला कुठं कळतं? आपल्याकडे फक्त म्हटलेलं असतं.”

प्रबंध जमा झाला, गुणही चांगले मिळाले. निष्कर्ष असा होता की याबाबत समाजात दोन मतप्रवाह आहेत. आपली प्रत घेऊन ती गल्लीत गेली. का गेली, हे तिला सांगता आलं नसतं. अर्जाचं काही कळलं का, असं विचारायचा तिला धीर झाला नाही. मावशींनीच सांगितलं, “अजून काही नाही.” मग त्यांनी हात पुसून प्रबंध मांडीवर घेतला.

“आमचं कुठं आलंय? दाखव ना.”

तिनं तळटीप काढली आणि वाचली. वाचण्याखेरीज तिला दुसरं काही येतही नव्हतं. “एका वस्तीतील प्रतिसाद परस्परविरोधी आढळल्याने वगळले आहेत.”

“वगळले म्हणजे?”

“धरले नाहीत.”

“कुणाचेच?”

“निम्मे प्रश्न उलटे होते, मावशी. तिथं ‘पटतं’ म्हणायला हवं होतं.”

मावशींनी तळटिपेच्या ओळीवरून बोट फिरवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चूक माझीच,” त्या म्हणाल्या. “मी सगळ्यांना एकच सांगितलं. तू पुन्हा घे. या वेळी मी नीट शिकवते, कुठं हो, कुठं नाही.” तिनं काही बोलायच्या आत त्या उठल्या आणि दारातून त्यांनी हाक मारली, “काका, हातातलं ठेवा जरा. बाई परत आल्यात.”

काकांनी कानस खाली ठेवली. काकूही इस्त्री उभी करून आल्या. कुणीतरी खुर्ची झटकून तिच्यापुढे ठेवली.