गोठ्याजवळचे पोते

"त्येला पोतं टाका गोठ्यापाशी," घरधनी म्हणाला.

कोरेगावजवळचे ते बागाईतदाराचे घर. आमचे मार्गदर्शक आणि माझा सहाध्यायी घरापुढच्या उंच सोप्यावर घोंगडीवर बसले होते. मीही त्यांच्यासारखाच पदवीधर. मोडू पाहणाऱ्या संसारांत मध्यस्थी कशी करावी, याचे शिक्षण आम्ही घेत होतो. पण मी महारवाड्यातला, ही वार्ता आमच्या आधी गावात पोहोचली होती.

"बीए झालाय म्हंत्यात," कोणीतरी म्हणाले.

"आसंल की. आमचं बैलबी लय शिकल्यालं हायत. बसंल त्येंच्यात."

सोपा हसला. मार्गदर्शक हसले नाहीत. खाली उतरून हलक्या आवाजात म्हणाले, "आपले काम विश्वास संपादन करण्याचे आहे. आज जमवून घ्या."

आवाजात माया होती. त्या मायेचाच मला संशय आला. तरी मी पोत्यावर बसलो.

मामला साधा होता. घरचा मुलगा महायुद्धावरून परतला होता आणि बायकोला मारत होता. तिला लोणंदला माहेरी जायचे होते. भाऊ बैलगाडी घेऊन वेशीपाशी थांबला होता. सासरा, म्हणजे तो घरधनी, सोडत नव्हता. आधी दोघांचे वेगवेगळे ऐकावे, असे आम्हाला शिकवले होते. सोप्यावर मात्र पुरुषच बोलत होते. थोरांसमोर सुनेने तिथे यायचे नाही. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती, माझ्या पोत्याच्या पलीकडे.

तिने माझ्या ओंजळीत वरून पाणी सोडले. सुजलेल्या मनगटात बांगड्या रुतल्या होत्या.

"आवं, मला इचारायला आलाय न्हवं?" ती पुटपुटली. "मग कवा इचारनार?"

"तुमी सांगा. काय करायचं मनात हाय?"

"जायाचं हाय. भाऊ हुबा हाय तवर."

तेवढ्यात सोप्याच्या कडेवरून मार्गदर्शकांचा आवाज आला. "तुम्ही तिच्या जवळच आहात. जरा समजवा. म्हणावे, जमवून घे."

तोच शब्द. तीच माया. आणि कबूल करतो, वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. मी चांगला विद्यार्थी होतो. पण त्या क्षणी मला दिसले. तो शब्द सोप्यावरूनच खाली येतो. आधी माझ्यापर्यंत. आता मी तो तिच्यापर्यंत पोहोचवायचा होता.

मी उठलो.

"सर, मी सांगणार नाही. बाईंना माहेरी जायचे आहे. आपण कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी मला सांगितले."

"ह्यो कोन रं सांगनारा?" सासरा म्हणाला.

तोवर ती पदर खोचून चालू लागली होती. नवरा सोप्यावरून उडी टाकून तिच्यामागे धावला. ती अंगणाच्या दारातून बाहेर पडली आणि मी त्या दारात उभा राहिलो. दार अरुंद होते. मला बाजूला सारायचे तर मला शिवावे लागले असते. सारे घर पाहत होते.

तो थांबला.

"सरक," तो म्हणाला. गाडीच्या चाकांचा आवाज ऐकू येईपर्यंत मी सरकलो नाही.

परतताना मार्गदर्शक सौम्यपणे म्हणाले, "आपण तटस्थता सोडलीत. आपल्याला पुढे ठेवता येणार नाही." सहाध्यायी खाली पाहत चालत होता. त्याला ठेवले.

शिक्षण मी पुढे दुसरीकडे पुरे केले. आज पन्नाशी उलटली. सांगलीत माझ्यासमोर जोडपी येतात, मागोमाग त्यांची माणसे येतात. माझा आवाजही आता सौम्य झाला आहे. म्हणून मी त्याच्यावर पहारा ठेवतो. मायेने बोलणारा माणूस कोठे बसून बोलतो, हे मी आधी पाहतो. तो माणूस मी असलो, तरी पाहतो.

कोणी बाई दाराशी बसली, तर मी तिला आत बोलावत नाही. माझी खुर्ची सोडून तिच्याजवळ जमिनीवर बसतो. घरच्यांना म्हणतो, खाली या. ते खाली बसेपर्यंत मी एक शब्द बोलत नाही. उठून गेले, तर जाऊ देतो. मग तिला विचारतो.