बर्फावरचं ऊन

उन्हं चढू लागली की तायडे सर भरल्या पंगतीतून उठत. हात धुऊन, चप्पल घालून, कुणाचा निरोपही न घेता. चांदूर बाजारच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी ग्रंथालय सांभाळत असे. वैशाखात वऱ्हाडातला माणूस उन्हाला भितोच, म्हणून कुणाला नवल वाटत नसे. पण सरांची भीती बर्फावरच्या उन्हाची होती.

पूर्वी दर उन्हाळ्यात ते आणि त्यांची बायको नलूताई आम्हा चार-सहा जणांना हिमाचलात नेत. पहाटे अंधारात उठवत. "चला, बर्फ झोपला हाये तोवर निघा." रात्री गोठलेला उतार तेव्हा फरशीसारखा टणक असतो. ऊन लागलं की तोच आतून ओला होऊन सुटतो.

"घोट्यावरी पाय रुतला का वापस," सर बजावत. "मंग पलीकडं सासरवाडीचं जेवन वाढून ठेवलं असो."

"माह्या माहेरी तं कधी वक्तावर आले नाही!" नलूताई म्हणत.

शेवटच्या खेपेला उताराच्या अलीकडे एका खडकावर त्या बसल्या. थंडीनं त्यांची बोटं वळत नव्हती.

"चाल ना वं, ऊन वर येऊन राह्यलं," सर म्हणाले.

"अवो, याले का ऊन म्हणतेत? आपल्या चांदूरची सावली याच्याहून गरम राह्यते. बसा घडीभर."

सर हसले आणि बसले. नलूताईंचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिले. आम्हीही बसलो. मे महिन्यातलं ऊन गोड लागू शकतं, हे आम्हाला नवंच होतं.

मग उतार ओलांडायला घेतला. सर पुढे, मागे नलूताई, आम्ही अजून अलीकडेच. वरून बर्फाचे लहान गोळे घरंगळत आले, पाठोपाठ उतारच सरकला आणि नलूताई त्याखाली गेल्या. असा ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो. आम्ही ताटल्यांनी, हातांनी उकरलं. नलूताई सापडल्या, पण उशिरा.

परतताना सर एवढंच म्हणाले, "मॅडम, ती बसली होती हे कोनाले सांगू नका. लोकं तिलेच दोष देतीन."

अकोल्याला, नलूताईंच्या माहेरी, त्यांचे भाऊ अशोकभाऊ सर्वांदेखत ओरडले, "मास्तर ना तुमी? कावून उशीर केला?"

"मीच केला," सर म्हणाले.

अशोकभाऊ त्यानंतर त्यांच्या दारात आले नाहीत. सर एकट्यापुरतं रांधत. हिमालयाचा धडा मान वर न करता वाचून काढत. संध्याकाळी ग्रंथालयात येऊन बसत आणि पुस्तक उघडत नसत. मीही बोलायला जात नसे.

या हिवाळ्यात सर गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अशोकभाऊ आले, पण दाराबाहेरच उभे राहिले. मी जवळ जाऊन त्यांना खडकावरचं सगळं सांगितलं.



"मले मालूम होतं," ते म्हणाले. "थंडी तिले लहानपनापासून सोसे ना. तिनंच बसवलं असन त्याले. त्यानं एकडाव सांगतलं असतं बाई, तं दोघं संगं रडलो असतो."