बाजेखालची शेगडी
लेक बाळंतपणाला आली आहे. परवा तिच्या आणि बाळाच्या खोलीत ओव्याची धुरी केली आणि मला माझी बाज आठवली. दुसऱ्या खेपेला मी सासरी, साखरा गावातच बाळंत झाले होते. त्याच हप्त्यात घरची कोंबडी खुडूक झाली. सासूबाईंनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आणि टोपली माझ्या बाजेखाली, शेकाच्या शेगडीशेजारी सरकवली. "थंडी लई हाय. एका शेगडीवर दोघींचं भागंल," म्हणाल्या. थंडी वाढली तशा त्या शेगडीत गोवऱ्या वाढवत गेल्या. एका दुपारी खालून धाप ऐकू आली. वाकून पाहिलं, तर कोंबडीची चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, तरी ती अंड्यांवरून हलत नव्हती. सांगावं वाटलं; पण लेकरानं इतकं जागवलं होतं, की बोलायचंही त्राण नव्हतं. माझीही पाठ भाजतच होती. एकवीस दिवस उलटून गेले, एकही पिल्लू निघालं नाही. "काय की, अंडीच खराब असतील," सासूबाई म्हणाल्या. शेगडीच्या आचेचं मी तेव्हाही सांगितलं नाही. काल लेकीला विचारलं, "लई गरम होऊन राहिलं का?" डोळे न उघडताच ती म्हणाली, "न्हाई." मी तरीही तिच्या बाजेखालची शेगडी बाहेर ओढली.